प्रत्यभिज्ञा आणि डिस्कसंच

पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर आली असता ‘ही तीच’ असे जे ज्ञान होते, त्याला भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात; हे ज्ञान खरे कधी आणि भ्रामक कधी, हा नैयायिक, बौद्ध व वेदान्ती यांच्यातील जुना वाद आहे. या वादाची एक रोखठोक कसोटी आज संगणकाच्या साठवण-यंत्रणेत पाहावयास मिळते. अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांच्याकडून एकाच मोठ्या डिस्कसारखे काम करवून घेणाऱ्या उपकरणाला स्टोरेज कंट्रोलर म्हणतात. १९८८ मध्ये बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी मांडलेल्या ‘रेड’ या रचनेच्या पाचव्या पातळीत एक डिस्क निकामी झाली, तरी उरलेल्या डिस्कांवरील माहिती आणि तिच्यासोबत साठवलेला ताळा, म्हणजे पॅरिटी, यांवरून हरवलेला भाग पुन्हा घडवता येतो. मात्र अशा वेळी चुकून शेजारची धडधाकट डिस्क उपसली गेली, तर सारा संच कोसळतो. म्हणून रंगरूपाने एकसारख्या डिस्कांतून ‘हीच ती’ हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न निव्वळ तर्काचा राहत नाही.

यासाठी एक जुना दृष्टान्त पाहू. देवदत्ताचे घर कोणते, असे विचारणाऱ्यास ‘ज्यावर कावळा बसला आहे ते’ असे सांगितले, तर घर सापडते खरे, पण कावळा उडाला की खूण नाहीशी होते. अशा आगंतुक खुणेला वेदान्तात तटस्थ लक्षण आणि वस्तूपासून वेगळे न होणाऱ्या खुणेला स्वरूपलक्षण म्हणतात. लिनक्स प्रणालीने डिस्कला दिलेले ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असे नाव यंत्र पुन्हा सुरू होताना बदलू शकते, स्लॉटचा, म्हणजे डिस्क बसवण्याच्या खाचेचा, क्रमांक जागेचा असतो, डिस्कचा नव्हे, आणि कंट्रोलरच्या आज्ञेने लुकलुकणारा दिवाही त्या जागेचीच खूण करतो. ही तिन्ही कावळ्याच्या जातीची लक्षणे होत. डिस्कमध्ये नोंदलेला आणि तिच्या लेबलावर छापलेला सिरीयल नंबर मात्र डिस्कबरोबर जातो. एकसारख्या परमाणूंना परस्परांपासून वेगळे करण्यासाठी वैशेषिकांनी ‘विशेष’ नावाचा पदार्थ मानला, त्याचेच काम हा क्रमांक करतो. फरक इतकाच, की तो माणसाने दिलेला असतो.

कंट्रोलरचा इव्हेंट लॉग, म्हणजे घडलेल्या घटनांची क्रमवार नोंद, ही या यंत्राची स्मृती होय. न्यायमतानुसार स्मृती ही प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, नव्हे. ती पूर्वानुभवाच्या संस्कारातून उपजते. लॉगचीही हीच मर्यादा आहे. तिसऱ्या स्लॉटमधील वाचन-त्रुटी नोंदली गेली तेव्हा तेथे असलेली डिस्क पुढे अन्यत्र हलवली गेलेली असू शकते. काही कंट्रोलरांत, संगणकाकडून वेळ मिळण्यापूर्वीच्या नोंदींवर तारीख नसून यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. आणि जागा संपली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. त्यामुळे स्मृतीतील ‘ती’ आणि हातातील ‘ही’ यांचा मेळ सिरीयल नंबरावरून घातल्याखेरीज प्रत्यभिज्ञा प्रमाण ठरत नाही.

यावर बौद्धांचा आक्षेप असा, की कापल्यावर पुन्हा वाढलेली नखेही ‘तीच’ वाटतात, वस्तुतः तेथे केवळ साम्य असते. ज्या संचातील सर्व डिस्क काही वर्षांत एकेक करून बदलल्या गेल्या, तो संच नेमका असाच आहे. साम्य कळण्यासाठीही दोन्ही क्षणांत टिकणारा एक द्रष्टा हवा, असे शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात उत्तर देतात, आणि कंट्रोलरला तो द्रष्टा मानण्याचा मोह होतो. परंतु कंट्रोलरही बदलता येतो, व नवा कंट्रोलर डिस्कांवर लिहून ठेवलेली रचना वाचून संच स्वीकारतो. संचाचे ऐक्य अशा रीतीने कोणत्याही एका द्रव्यात नसून हस्तांतरित होत जाणाऱ्या नोंदींच्या प्रवाहात असते, आणि येथवर बौद्धांची बाजू वरचढ ठरते. तथापि हा प्रवाह अखंड राहतो, तो प्रत्येक वेळी उपसावयाच्या एकेका डिस्कची ओळख नैयायिकाच्या काटेकोरपणाने पटवली जाते म्हणूनच.