खिळे जुळवणारे आजोबा

एका शहरात एक आजोबा राहत होते. त्यांनी सारा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवला होता. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी राहत्या इमारतीतच दोन खोल्यांची एक जागा घेतली होती आणि तिच्या भाड्यावर त्यांचं घर चालत होतं.

एकदा एक तरुण जोडपं जागा बघायला आलं. दोघं साधी, गावाकडून आलेली. भाडं १४ हजार, डिपॉझिट ४० हजार, मुदत ११ महिने, असं ठरलं. एजंट अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी आला. म्हणाला, “सगळे करार सारखेच असतात. इथे अंगठा ठेवा, झालं.”

आजोबांनी चष्मा लावला आणि करार पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतला. तरुणाला कामावर जायची घाई होती. आजोबा थांबले नाहीत. पहिले सहा महिने जागा सोडता येणार नाही. सोडली तर त्या सहा महिन्यांतलं उरलेलं भाडं द्यावं लागेल. पुढे एक महिन्याची नोटीस पुरे. इमारतीचा विमा मालकाचा, आतल्या सामानाचा विमा भाडेकरूनं काढायचा.

तरुण म्हणाला, “आजोबा, आमचं सामान ते किती! त्याला कसला विमा? कायद्यात आहे का असं?”

“कायद्यात नाही, पोरा. आपल्या करारात आहे. माझ्या विम्यात भिंती येतात, तुझं कपाट येत नाही. भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा घेता येतो. नको असेल तर आत्ता सांग, अंगठा दिल्यावर नको.”

तरुणानं बायकोकडे पाहिलं आणि अंगठा दिला. आजोबांनी कराराची रीतसर नोंदणी करून घेतली. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. तरुणानंही नाराजीनंच का होईना, ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी काढली.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. सकाळी पाहतात तर गादी भिजलेली, कपाटाच्या फळ्या फुगलेल्या, बायकोचं माहेरून आलेलं शिलाई मशीन पाण्यात. ती मशीनपाशी बसून रडली. आजोबा जिना उतरून आले आणि म्हणाले, “आधी फोटो काढा. काही टाकू नका. विम्याचा सर्व्हेअर येऊन बघेल.” सर्व्हेअर आला. भिंतींचे आणि वायरिंगचे पैसे आजोबांच्या विम्यातून मिळाले, मशीनचे आणि कपाटाचे तरुणाच्या. शेजारच्या घरातल्या भाडेकरूचंही सामान भिजलं होतं. त्याचा विमा नव्हता. त्यानं ते भंगारात दिलं.

पाचवा महिना सरत आला आणि गावाहून फोन आला. तरुणाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. शेत बघायला कोणी नव्हतं. आता गावीच राहायला हवं होतं.

कामावरचे सोबती म्हणाले, “महिनाभर बाकी आहे ना? सांगूच नकोस. रात्री टेम्पो बोलाव आणि निघ. म्हातारा डिपॉझिटमधून काय कापायचं ते कापेल.”

तो गप्प घरी आला. बायको म्हणाली, “त्यांनी आपल्याला एकेक ओळ वाचून दाखवली होती. आपणही त्यांना समोर जाऊन सांगू.”

दोघं वर गेली. आजोबांनी ऐकून घेतलं, कपाटातून करार काढला आणि सहा महिन्यांचं ते कलम पुन्हा वाचलं.

“हे मी का घातलं, माहीत आहे? जागा रिकामी पडली तर माझी चूल अडते म्हणून. ती रिकामी राहिली नाही, तर तुझ्याकडून एका जागेचं दोनदा भाडं मी कशाला घेऊ? कोणी भला माणूस असेल तर घेऊन ये.”

तरुणानं एका सहकाऱ्याला आणलं. एकाचा करार दुसऱ्याच्या नावावर सरकवता येत नाही, म्हणून आजोबांनी जुना करार लेखी रद्द केला आणि नव्या माणसाचा नवा नोंदवला. मधे जागा १२ दिवस रिकामी राहिली. आजोबांनी त्या १२ दिवसांचे ५,६०० रुपये कापले आणि ३४,४०० रुपये परत केले. हिशेब कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

निघताना आजोबा म्हणाले, “विमा कंपनीला गावचा पत्ता कळव. पॉलिसी पत्त्याला बांधलेली असते.”

आपल्याला वाटतं, कागद आला की माया आटते. इथे उलट झालं. कोणी काय कबूल केलं होतं हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून एकाला खरं सांगायची भीती वाटली नाही आणि दुसऱ्याला सूट देताना फसवल्यासारखं वाटलं नाही. पण आधी कोणीतरी वर जाऊन दार वाजवावं लागलं, हेही खरं.

तुम्ही भाड्यानं राहत असाल किंवा जागा भाड्यानं दिली असेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर करार बाहेर काढा. मुदतीआधी निघायचं झालं तर काय लिहिलं आहे आणि सामानाचा विमा कोणी काढायचा आहे, या दोन ओळी घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.