मुक्या जीवाचा वियोग : मोह की दया?

घरातील मुका जीव गेला असता शोक करावा काय, आणि करावा तर कोठवर, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु पुणे-सातारा मार्गावरील वरवे बुद्रुकसारख्या गावात ज्याने दावणीचा बैल वा दारचा कुत्रा गमावला, त्यास तो लहान वाटत नाही. माणूस गेला तर लोकरीतीने चार जण दारी येतात, दहावे-तेरावे होते. जनावर गेले तर खड्डा बुजला की सारे आटोपते. उलट 'जनावरासाठी का रडावे?' असे त्यास ऐकावे लागते.

ही हानी केवळ द्रव्याची आहे, असे कोणी म्हणेल. 2022 साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाने गाईबैल दगावले, तेव्हा शासनाने दुधाळ गाईस 30,000, बैलास 25,000 व वासरास 16,000 रुपये साहाय्य दिले. ते आवश्यकच होते. परंतु रक्कम हाती पडूनही रिकाम्या दावणीकडे पाहवत नसेल, तर गेले ते केवळ धन नव्हते, हे उघड आहे.

याच मार्गाने पुढे गेले असता साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुली लागते. तेथे छत्रपती शाहू महाराजांच्या (1682-1749) खंड्या नामक कुत्र्याची समाधी दाखवितात. महाराजांच्या आवडत्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचविला व त्यांनी त्यास जहागीर आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे. डफला ती राजाची लहर वाटली. आपणांस तीत कृतज्ञता दिसावी. तथापि समाधीने स्मरण टिकते. शोक निवतोच असे नाही.

येथे राजर्षी भरताची कथा पुढे केली जाते. प्रवाहात पडलेले हरिणीचे पाडस त्याने वाचविले, वाढविले, आणि अंतकाळी त्याचेच चिंतन राहिल्याने तो मृगयोनीस गेला. यावरून 'प्राण्यावर प्रेम करूच नये' असा अर्थ काढणे योग्य नव्हे. पाडसास पाण्यातून काढणे हा दोष नव्हता. दोष एवढाच की, 'हे माझे' या भावाने त्याचे सारे चित्त त्या एका जीवात कोंडले गेले.

आता लीळाचरित्रातील सशाची लीळा आठवावी. पारध्यांच्या भयाने धावत आलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली लपला. शरण आलेल्यास स्वामींनी राखले, पारध्यांची समजूत घातली. आणि भय टळताच त्यास मोकळे सोडले. राखणे आणि सोडणे ही दोन्ही एकाच दयेची अंगे होत. भरताने पहिले केले, दुसरे त्यास साधले नाही.

आपल्या दावणीचा जीवही असाच आश्रयास आलेला असतो. त्याचा देह पडतो. जीव नित्य आहे, तो आपल्या कर्माच्या वाटेने जातो. तो आपल्या मालकीचा कधीच नव्हता. हे जाणणाऱ्याच्याही डोळ्यांत पाणी येईल, आणि त्यात लाज वाटण्याचे कारण नाही; सहवासाचे ते ऋण आहे. मात्र 'मी वेळेवर औषध आणले असते तर' असे स्वतःस टोचीत बसणे, किंवा 'पुन्हा जनावर पाळणारच नाही' असा पण करणे, म्हणजे गेलेल्याला धरून ठेवणे होय.

शोक मोह झाला की दया झाला, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मोहाने मन आक्रसते, दयेने विस्तारते. ज्याची गाय गेली त्याने शेजाऱ्याच्या वासरास वेळीच लस टोचून घेण्यास साहाय्य करावे. ज्याचा बैल गेला त्याने थकलेल्या बैलास कसायाच्या हाती जाऊ देऊ नये. ज्याचा कुत्रा गेला त्याने वाटेवरील भुकेल्या कुत्र्यास भाकर घालावी. आणि ज्याच्या घरी असा वियोग घडला, त्यास हसण्याऐवजी घटकाभर त्याच्यापाशी बसावे. तीही दयाच आहे.