आप्तांची साक्ष आणि बिनसहीचा विश्वकोश

काशीत पंचगंगाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये दुर्गाघाट आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी तो अठराव्या शतकात बांधवला. ब्रह्मचारिणी दुर्गेच्या देवळावरून त्याला हे नाव आहे. घाटामागच्या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. या घाटावर, या वस्तीवर, दीक्षितांवर विकिपीडियात चांगला लेख हवा असेल तर तो लिहायचा कोणी? माहिती आहे वंशजांकडे, क्षेत्रोपाध्यायांकडे, वेदपाठशाळेत शिकलेल्यांकडे, एखाद्या देवस्थानाच्या विश्वस्तांकडे. थोडक्यात, ज्यांना ठाऊक आहे ते सगळे त्यात गुंतलेले आहेत. तटस्थ माणूस शोधायला जावे तर तो पुण्या-मुंबईत सापडेल, आणि त्याला दुर्गाघाट संपून ब्रह्माघाट कुठे सुरू होतो हेही सांगता यायचे नाही.

विकिपीडियाचा यावरचा दंडक सर्वांना माहीत असतोच असे नाही. ज्या विषयात तुमचा हितसंबंध आहे त्या पानावर स्वतः हात चालवू नका. त्या पानाला जोडलेल्या चर्चापानावर आपले नाते सांगा, दुरुस्ती सुचवा, आधार द्या, आणि निर्णय दुसऱ्या संपादकावर सोडा. पैसे घेऊन लिहिणाऱ्यांसाठी विकिमीडिया प्रतिष्ठानने जून २०१४ मध्ये नियम आणखी कडक केला: पैसे कोण देतो आणि कोणासाठी, हे जाहीर केलेच पाहिजे. या नियमामागे कडू अनुभव होते आणि पुढेही येत राहिले. ‘विफिओन’ या टोपणनावाने वावरणारा एक सदस्य इंग्रजी विकिपीडियावर प्रचालकपदापर्यंत पोचला होता. आयआयपीएम या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पान तो संस्थेला अनुकूल राखतो, असा त्याच्यावर आक्षेप होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या लवाद समितीने त्याचे अधिकार काढून घेतले आणि त्याच्यावर बंदी घातली. हा माणूस नियमांबाबत अडाणी नव्हता, उलट नियमांत मुरलेला होता. संदर्भ कसा उडवायचा, आधार ‘अविश्वसनीय’ कसा ठरवायचा, समोरच्याला नियमाचे कलम दाखवून गप्प कसे करायचे, हे त्याला येत होते.

पण हा सगळा दंडक कंपन्या, जनसंपर्क संस्था आणि राजकारणी यांना समोर ठेवून घडला आहे. दुर्गाघाटावर पैशाचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे हितसंबंध असतो तो कुळाचा, जातीचा, गुरुपरंपरेचा, देवस्थानातल्या मानपानाचा. त्याची पावती फाडली जात नाही आणि तो बाळगणाऱ्याला तो हितसंबंध वाटतही नाही. ‘मी माझ्या पणजोबांबद्दल खरे तेच लिहितो आहे,’ असे तो मनापासून म्हणतो.

या बाबतीत काशीच्या मराठी पंडितांइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल. पैठणहून आलेले रामेश्वरभट्ट, त्यांचे पुत्र ‘त्रिस्थलीसेतु’कार नारायणभट्ट, आणि पुढे कमलाकरभट्ट, नीलकंठभट्ट, गागाभट्ट. या घराण्याने दोन शतके काशीच्या विद्वत्तेवर राज्य केले. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते त्यातले बरेचसे येते ‘गाधिवंशानुचरित’ या ग्रंथातून, आणि त्याचे कर्ते शंकरभट्ट हे नारायणभट्टांचे चिरंजीव! अकबराचा मंत्री तोडरमल याच्याकडच्या श्राद्धप्रसंगी वडिलांनी मैथिल आणि गौड पंडितांना वादात कसे हरवले, हे मुलगा सांगतो. हरलेल्यांची बाजू त्यात अर्थातच नाही. हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त काशीच्या दाक्षिणात्य पंडितांवर लेख लिहिला तेव्हा मुख्य आधार याच ग्रंथाचा घेतला. विश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनर्बांधणीचे श्रेय नारायणभट्टांना देणारा प्रसिद्ध संस्कृत उल्लेखही घराण्याशी नाते असलेल्या ग्रंथकाराचाच आहे.

आणि गंमत अशी की, साक्षीदार कोण असावा याचा काथ्याकूट याच घराण्याने केला आहे. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ यांचा ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी प्रमाण मानला. खटल्यातला पुरावा, दस्त, साक्षी हे त्याचे विषय. ज्याचा दाव्यात अर्थसंबंध आहे तो, पक्षकाराचे आप्त, त्याचे साथीदार आणि त्याचे वैरी यांना साक्षीला उभे करू नये, हा दंडक मनुस्मृतीपासून चालत आलेला. त्यात वैऱ्याचाही समावेश आहे, हे विशेष. आजच्या चर्चेत हितसंबंध म्हटले की आपण स्तुतिपाठक पाहतो. मराठी विकिपीडियावर आणि एकूणच मराठी इतिहासलेखनात स्तुतिपाठकांइतकाच उपद्रव वैऱ्यांचा आहे. दुसऱ्या जातीच्या पुरुषाच्या पानावर जाऊन एक विशेषण खोडणारा माणूसही पक्षकारच असतो.

मग आप्त आणि वैरी दोघांना वगळले तर उरते काय? भट्ट घराण्याचे पान जवळजवळ कोरे राहील. मराठ्यांच्या इतिहासाचेही तेच होईल. मल्हार रामराव चिटणीसांची बखर घ्या. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशजाने ती लिहिली, आणि तिच्यात चिटणिसांच्या कामगिरीला मिळालेली जागा कोणाही जाणत्या वाचकाच्या डोळ्यांत भरते. गावोगावचे कुलवृत्तांत घ्या. ते छापले घराण्याने, वर्गणी दिली घराण्याने, वाचतेही घराणेच. हे सारे कचऱ्यात टाकायचे म्हटले तर शिल्लक फार थोडे.

माझ्या मते प्रश्नाची किल्ली सहीत आहे. शंकरभट्टांनी ग्रंथावर आपले नाव घातले, बापाचे नाव घातले. त्यामुळे तीनशे वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळते की हे मुलाचे बोलणे आहे, याला इतकी सूट देऊन वाचावे. चिटणिसांच्या बखरीवर चिटणिसांचेच नाव आहे, म्हणून तर इतिहासकारांना तिच्यावर नेमके बोट ठेवता आले. मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. शिष्याने गुरूवर लिहिले तर वाचक ते पाहू शकतो. विकिपीडियाने ही सही काढून टाकली. तिथे पान सर्वांचे, म्हणून कोणाचेच नाही. लिहिणाऱ्याचा माग पानावरच्या बदलांच्या यादीत एखाद्या टोपणनावापाशी संपतो. सही गेली तशी तिच्याबरोबर चालत येणारी सूचनाही गेली. पणतूचे वाक्य आणि परक्याचे वाक्य पानावर सारखेच दिसते, त्याच निर्विकार सुरात. म्हणून विकिपीडियावर नाते उघड करणे ही नुसती सभ्यतेची बाब उरत नाही. सहीच्या जागी तिथे दुसरे काहीच नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू असला तरी तिथे सतत काम करणारी माणसे मोजकी आहेत. चर्चापानावर टाकलेली सूचना महिनोन्‌महिने कोणी वाचत नाही. इंग्रजीतला शिरस्ता जसाच्या तसा लावला तर दुर्गाघाटचा प्रामाणिक माणूस सूचना लिहून वाट पाहत बसेल आणि अप्रामाणिक माणूस टोपणनावाने मजकूर घालून मोकळा होईल. त्यामुळे लहान भाषेत आप्ताला थेट लिहू द्यावे, पण अटीवर: सदस्यपानावर आणि त्या लेखाच्या चर्चापानावर नाते स्पष्ट लिहिलेले असावे, घरगुती आधार मजकुरातच ‘घराण्याच्या ग्रंथानुसार’ असा नाव घेऊन द्यावा, आणि वाद, गौरव, पहिलेपणाचे दावे यांना त्याने हात लावू नये. घाट कधी दुरुस्त झाला, पाठशाळा कुठल्या वाड्यात भरे, हे पणतूने खुशाल लिहावे. ‘थोर’, ‘अद्वितीय’, ‘सर्वप्रथम’ हे दुसऱ्याने ठरवावे. गौरवाचे विशेषण स्वतःच्या हाताने लिहिले की त्याची किंमत जाते, हे तर शिष्यांनाही कळायला हवे, पण शिष्यांना ते सर्वांत उशिरा कळते.

उघडपणाचा उपयोग भट्ट घराण्याच्याच गोष्टीत दिसतो. गागाभट्टांनी शिवाजी महाराजांच्या क्षत्रियत्वाचा निर्णय दिला, १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले आणि दक्षिणाही घेतली. विरोधकांनी त्यावर तोंडसुख घेतले, आजही घेतात. पण ते घेता येते, कारण निर्णय कोणाचा आणि दक्षिणा कोणाला हे दोन्ही उघड आहे. झाकून झालेला व्यवहार असता तर आपल्यापाशी वाद घालायलाही काही उरले नसते.

काशीतल्या मराठी घराण्यांकडे वह्या, पत्रे, दानपत्रांच्या नकला अजून असतील तर त्यांनी त्या आधी स्वतःच्या नावाने छापाव्यात, किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या हवाली कराव्यात. वंशज म्हणून प्रस्तावना लिहावी, हवा तेवढा अभिमानही त्यात घालावा. विश्वकोशात त्यातले काय घ्यायचे ते मग तिसऱ्या कोणाला ठरवू द्यावे.