हात कोणी लावला?

बिघडलेली मोटारसायकल अंगणात खोलून बसलेल्या माणसाइतका एकटा माणूस दुसरा नसेल. आणि नवल असे की त्या वेळी त्याच्याभोवती दहापाच माणसे उभी असतात. पुणे-नगर रस्त्यावरच्या आमच्या सुप्यात रविवारी सकाळी एक चक्कर मारा, हे दृश्य एखाद्या तरी दारात दिसेलच. खाली गोणपाट अंथरलेले असते. त्यावर पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर. एका जुन्या ताटलीत काढून ठेवलेले नट आणि वायसर. वाटीत थोडे पेट्रोल आणि त्यात बुडवलेला प्लग. गाडीचा धनी घामाने निथळत असतो आणि भोवतालची मंडळी सल्ले देत असतात. कोणी म्हणतो कचरा कार्बोरेटरमध्ये आहे, कोणी म्हणतो प्लगच गेला. तिसरा काहीच सुचवीत नाही, नुसता “मी तुला आधीच सांगितलं होतं” म्हणतो. हा तिसरा सर्वांत असह्य.

अशा वेळी काय काय घडते याची यादी करू लागलो तर संपादकांनी दिलेली पाने पुरणार नाहीत. ऑइल बदलायला बसलेला माणूस खालचा बोल्ट परत बसवताना तो गळू नये म्हणून आणखी एक पिळा देतो. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचा तो भाग ॲल्युमिनियमचा, त्यामुळे बोल्ट शाबूत राहतो आणि आटे इंजिनाचे जातात. सायकलचे डावे पायडल काढायला बसलेला पहिलवान गडी अर्धा तास ताकद लावतो आणि ते अधिकाधिक घट्ट करीत जातो. कारण पाय मारता मारता पायडल सैल होऊन निघू नये म्हणून त्या एका बाजूचे आटे उलटे काढलेले असतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराने १९०० साली लिहिलेल्या प्रवासकथेत मित्राची सायकल हौसेने खोलणारा आणि तिच्या छर्ऱ्यांची दाणादाण उडवणारा एक गृहस्थ आहे. तो वाचताना मला तो आमच्याच आळीतला वाटला होता. 

आमच्या आळीतल्या एका गृहस्थांची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ते पुढे पुन्हा येणार आहेत. गाडी चालू होईना म्हणून त्यांनी प्लग काढला, घासला, बसवला. मग कार्बोरेटर उतरवला. जेट फुंकून झाले, वायरी तपासून झाल्या. तीन तास गेले. शेवटी गोट्या खेळणारे एक पोर सहज जवळ आले आणि म्हणाले, “काका, पेट्रोलचा कॉक बंदच हाय की!” मी त्या वेळी तेथे नव्हतो, पण ही हकीकत मला संध्याकाळपर्यंत तीन तोंडांतून तीन प्रकारांनी कळली. त्या दिवसापासून आळीने त्यांना ‘इंजिनेरसाहेब’ म्हणायला सुरुवात केली.

माणसे घरी दुरुस्ती करतात ती सगळी हौसेनेच करतात असे नाही. पारनेर तालुका अवर्षणाचा. मजुरीचे दोनशे रुपये वाचले तर ते वाचवावेत असा येथला हिशेब असतो. शिवाय आमच्या जिल्ह्याला दुचाकीचा लळा जुना आहे. कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना नगरच्याच कारखान्यात तयार होई. १९७२ साली ती बाजारात आली आणि त्याच साली बजाजची चेतकही आली. त्या गाड्यांच्या पेट्रोलात ऑइल मिसळावे लागे, प्लगावर काजळी धरे, आणि ती काच-कागदाने घासून काढण्याइतके ज्ञान घरोघर पोचलेले असे. स्कूटर चालू होईना की ती एका अंगावर कलती करून मग किक मारायची, हा तर जवळजवळ कुळाचार होता. अशा रीतीने दोन पिढ्या अर्ध्यामुर्ध्या फिटर होऊन गेल्या. या अर्धेमुर्धेपणातच फजितीचे बी आहे.

‘फजिती’ हा शब्द मोठा बोलका आहे. तो अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी ‘उघडे पडणे’ हा अर्थ आहे. म्हणजे चूक होणे ही फजिती नव्हे; ती चारचौघांत दिसणे ही फजिती. कॉक बंद होता हे त्या गृहस्थांना एकांतात कळले असते तर त्यांनी स्वतःशीच हसून किक मारली असती. आमच्या भाषेने या प्रकारावर उपायही सांगून ठेवला आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा गाडी जोडून झाल्यावर ताटलीत एक नट उरलेला दिसला की धनी आधी इकडेतिकडे पाहतो आणि मग तो नट मुकाट्याने खिशात घालतो. बायको विचारते, “झाली का हो?” तो म्हणतो, “झाली.”

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात लज्जेला सद्गुणांच्या पंक्तीत बसू दिलेले नाही. त्याच्या मते लाज तरुणांना शोभते; ते भावनेच्या भरात चुकतात आणि लाज त्यांना आवरते. प्रौढाला लाजाळूपणाबद्दल कोणी वाखाणीत नाही, कारण लाज वाटावी असे त्याने करूच नये अशी अपेक्षा असते. हे म्हणणे दुर्वर्तनाला लागू आहे. पण कॉक उघडायला विसरणे हे काही दुर्वर्तन नव्हे. तरीही चाळिशीतला बाप्या त्यापायी कानाच्या पाळीपर्यंत लाल होतो, याचे कारण मला असे दिसते की हातात पाना घेतला त्या क्षणी तो पुन्हा शिकाऊ झालेला असतो आणि शिकण्याची मुभा आपण फक्त पोरांना दिलेली आहे. मोठ्या माणसाने एकतर जाणकार असावे, नाहीतर हात लावू नये.

आता हाच माणूस गाडी ढकलत फिटरकडे जातो. फिटर विचारतो, “काय झालं?” उत्तर ठरलेले आहे: “चालता चालता बंद पडली.” “कुठं उघडली होती का?” “छे! हात पण लावला नाही.” वैद्याला आणि वकिलाला खरे सांगावे हे आपण लहानपणापासून ऐकतो, फिटरचा त्या यादीत समावेश करायचा राहून गेला. आणि फिटरशी बोललेले हे खोटे फार वेळ टिकतही नाही. लोखंड साक्ष देते. नटाची डोकी पक्कडीने चावलेली असतात, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतात, गॅस्केट दुमडून बसलेले असते. मी आमच्या रस्त्यावरच्या फिटरांना पाहिले आहे. बहुतेक जण काही बोलत नाहीत. गिऱ्हाइकाकडे न पाहता नवे गॅस्केट मागवतात. ही त्यांची सभ्यता आहे. ती नेहमीच योग्य असते का, याबद्दल मला शंका आहे.

शंका येण्याचे कारण इंजिनेरसाहेब. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या गाडीचा मागचा ब्रेक किंचाळू लागला. त्यांनी घरीच चाक काढले आणि आवाज जावा म्हणून ब्रेकच्या लायनरवर ऑइल सोडले. ज्याला यंत्राची माहिती नाही त्याला हे अगदी तर्कशुद्ध वाटेल. दाराची बिजागरी कुरकुरली तर आपण तेलच सोडतो. पण बिजागरीत घर्षण नको असते आणि ब्रेकमध्ये घर्षणच हवे असते. लायनर ड्रमला घासतो म्हणून चाक थांबते. तेल प्यालेला लायनर पुसून सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. आवाज गेला आणि ब्रेकही गेला. त्यांना ते कळले. त्यांनी मागचा नट आवळून पाहिला, थोडा फरक पडल्यासारखे वाटले. फिटरकडे जायचे त्यांनी मनात घेतले आणि चार दिवस ते गेले नाहीत. फिटरच्या दुकानापुढे बाकडे आहे आणि बाकड्यावर आळीतली माणसे बसतात.

पाचव्या दिवशी बहिणीचा मुलगा आला आणि नगरला जाण्यासाठी गाडी मागून घेऊन गेला. आपल्याकडे बहुतेकांची भिस्त पायाच्या ब्रेकवर असते, त्याचीही होती. कामरगावच्या घाटात पुढे ट्रक हळू झाला आणि याची गाडी झाली नाही. मनगट मोडले, खांद्याचे हाड सरकले. जिवावरचे थोडक्यात निभावले. दवाखान्यात नातेवाईक जमले तेव्हा मामा म्हणाले, “गाडी चांगली होती. पोरगं जोरात असेल.” पोराला तोपर्यंत स्वतःलाही तसेच वाटू लागले होते.

महिन्याभराने त्यांनी बहिणीच्या घरी जाऊन सगळे सांगितले, आणि नंतर मलाही. त्यांच्या परवानगीनेच मी हे लिहीत आहे.

या गोष्टीत दोष कोठे सुरू झाला? ऑइल सोडले ते अज्ञानाने. त्याला मी दोष म्हणत नाही. ब्रेक लागत नाही हे कळल्यावर चार दिवस गप्प राहणे हा दोष आहे. गाडी देताना “ब्रेक जपून” एवढे दोन शब्द तोंडातून न निघणे हा त्याहून मोठा. आणि बेशुद्धीतून नुकत्याच आलेल्या पोरावर जोरात चालवल्याचा आळ घालणे याला तर माफ करण्याचा अधिकार फक्त त्या पोराचाच आहे. येथपर्यंत वाचकांचे माझ्याशी मतैक्य होईल. पण ज्यांनी त्यांना इंजिनेरसाहेब केले त्यांचा वाटा किती? कायद्याने पाहता शून्य. माणूस मोठा आहे, त्याने थोडा विनोद सोसावा, असे म्हणता येते. आणि शेजाऱ्याच्या बंद कॉकवरसुद्धा हसायचे नाही तर गावाने हसावे तरी कशावर, असेही म्हणता येते. हसण्यावर माझा आक्षेप नाही. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो आणि त्याच्यावर प्रेमही करीत आलो. पण हसणे वेगळे आणि नाव ठेवणे वेगळे. मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसेही आणि दोष देणेही, हा योगायोग नसावा. हसू संध्याकाळपर्यंत विरते. ठेवलेले नाव मागे लागते. ज्याला दर वेळी हाकेतूनच आपली जुनी चूक ऐकू येते, तो नवी चूक कबूल करायला दुकानासमोरच्या बाकड्यापर्यंत जाणार नाही. चार दिवसांच्या त्या गप्प बसण्यात आळीचा थोडा हात होता, असे मला वाटते. मामांचा दोष त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. दोष हा काही भाकरीसारखा वाटून कमी होणारा पदार्थ नाही.

मास्तरकीच्या धंद्यात ही गोष्ट मला रोज भेटते. गणित चुकलेला मुलगा चुकलेल्या पायऱ्या रबराने खोडून वहीला भोक पाडतो आणि खाली शेजाऱ्याचे उत्तर लिहितो. उत्तर बरोबर असते आणि मला काहीच करता येत नाही, कारण तो कोणत्या पायरीवर घसरला ते त्या भोकातून गेलेले असते. जो चुकीची आकडेमोड तशीच ठेवतो त्याला शिकवणे पाच मिनिटांचे काम असते. पण पहिला मुलगा जन्मतः तसा नसतो. कोणीतरी त्याची वही वर्गापुढे फडकावलेली असते.

गांधीजींनी आत्मकथेत आपल्या धुलाईची हकीकत दिली आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असताना धोब्याचा खर्च टाळण्यासाठी ते घरीच कपडे धुऊ लागले. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि कोर्टात उभे असताना कॉलरवरून खळीचा चुरा गळू लागला. बॅरिस्टर मंडळी हसली. गांधीजींनी तेथल्या तेथे सांगून टाकले की हा आपला पहिलाच प्रयोग आहे, आणि तुमची करमणूक झाली हा वर लाभ. पुढे प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला तेव्हा त्यांनी आरशात पाहून स्वतःच कात्री चालवली, आणि मागच्या बाजूची अशी दैना केली की पुन्हा कोर्टात हशा झाला. या दोन्ही गोष्टी त्यांनी हजारो वाचकांपुढे मांडल्या.

हे उदाहरण मी वर्गात सांगत असे. अलीकडे जपून सांगतो. बॅरिस्टराला स्वतःच्या कॉलरवर हसणे परवडते, कारण कॉलर वाईट धुतली म्हणून त्याची बॅरिस्टरी जात नाही. गॅरेजात नव्याने लागलेले पोर बोल्टचे आटे घालवते तेव्हा त्याला उस्तादाची थप्पड आणि पगारातली कपात दिसत असते. त्याने तो बोल्ट एम-सील लावून चिकटवला आणि गाडी तशीच गिऱ्हाइकाच्या हवाली केली, तर त्याला गांधीजींचा दाखला देणे क्रूरपणाचे आहे. कबुलीची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्यांना ती स्वस्त पडते त्यांनी, म्हणजे बापाने, मास्तराने, उस्तादाने, ती आधी मोजावी.

आता यंत्रेच बदलली आहेत. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोजून फवारते, आणि बिघाडाची नोंदही तीच ठेवते. फिटर तिला वायर जोडून विचारतो, गिऱ्हाइकाला विचारण्याचे कारण उरत नाही. अंगणातले गोणपाट त्यामुळे हळूहळू गुंडाळले जाईल. पण तेल सोडलेल्या लायनरची नोंद त्या यंत्रणेत होत नाही.

आमच्या रस्त्यावर एक वयस्क फिटर आहे. तो गिऱ्हाइकाला “तुम्ही उघडली होती का?” असे कधी विचारत नाही. गाडीवरून हात फिरवत म्हणतो, “घरी पोरांनी खेळता खेळता काही काढलं होतं का हो?” गिऱ्हाईक सुटल्यासारखे होते. “हां, पोरांनी जरा कार्बोरेटर उघडला होता,” म्हणते, आणि मग पोरांनी काय काय केले ते इतक्या बारकाव्याने सांगते की ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. फिटर मात्र हसत नाही. त्याला हवी ती माहिती मिळते. पोरे बिचारी शाळेत माझ्यासमोर बसलेली असतात. मी एकदा त्याला म्हटले, “मिस्त्री, तुम्ही लोकांना खोटं बोलायला शिकवता.” तो म्हणाला, “मास्तर, प्लगचं काम असलं तर पोरांचं नाव चालतं. ब्रेकचं काम आलं की मी बाकड्यावरच्यांना आधी चहाला पाठवतो, अन्‌ मग तोंडाकडं बघून विचारतो, हात कुणी लावला.”