गोष्टीतला खडा



घासात खडा लागला की दात आपोआप थांबतात. वाचताना मनाचेही तसेच होते. ‘आईने तव्यावर चप्पल भाजली’ हे वाक्य वाचा. ‘चप्पल’ या शब्दापाशी मेंदू अडखळतो. मार्टा कुटास व स्टीव्हन हिलयार्ड या शास्त्रज्ञांनी १९८० साली अमेरिकेत हे मोजून दाखविले. विसंगत शब्द डोळ्यांपुढे आल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत वेगळी विद्युत्‌लहर उमटते.

परंतु हा पहारेकरी नेहमीच जागा नसतो. घरात विचारून पाहा : ‘महाडला काळाराम तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी कोणत्या साली प्राशन केले?’ कित्येकजण पटकन ‘१९२७’ म्हणतील. तळे तर चवदार! काळाराम हे नाशिकचे मंदिर. तेथील सत्याग्रह १९३० चा. अशाच फसव्या प्रश्नांचा प्रयोग एरिक्सन व मॅटसन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. खरे काय ते ठाऊक असलेली माणसेही फसली. चुकीचा शब्द ओळखीच्या गोतावळ्यातला असला, की मन त्याला न तपासता आत घेते.

म्हणूनच लहानपणापासून श्रद्धेने ऐकलेल्या कथेतला खडा सहसा लागत नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचीच कथा घ्या. एकोणतिसाव्या वर्षी त्याने प्रथमच म्हातारा, रोगी व प्रेत पाहिले आणि घर सोडले, असे परंपरा सांगते. लोकांनी ती हात जोडून ऐकली. बाबासाहेबांना मात्र इथे खडा लागला. जरा, व्याधी, मरण घरोघर आहे. एवढ्या वयाच्या माणसाला ते कधीच दिसले नसेल काय? महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी हा प्रश्न उघड मांडला. पुढे उत्तरही दिले : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत तंटा पेटला, सिद्धार्थाने युद्धास विरोध केला, शाक्य संघाचे बहुमत विरुद्ध गेले आणि त्याने परिव्रज्या पत्करली.

कोणी म्हणेल, जुनी कथा रूपक आहे. रूपकाला हिशेब कशाला? रूपक म्हणून खुशाल सांगा. पण तेच इतिहास म्हणून गळी उतरविले, की ऐकणाऱ्याची बुद्धी मिंधी होते. केवळ परंपरेने आले म्हणून काही मानू नका, हेच तथागतांनी कालामांना सांगितले.

आता आपल्या घरचे पाहू. वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन चालते. देवगाव रंगारीत असो की अन्यत्र, मध्येच एखादी नात विचारते, ‘आबा, असं कसं झालं?’ तेव्हा ‘गप बस’ म्हणण्याचा मोह होतो. खरी कसोटी याहून कठीण आहे. बाबासाहेबांविषयी आपण ज्या गोष्टी सांगतो, त्यांनाही हाच नियम लावणार काय? चमत्कार चिकटविल्याने त्यांचा मोठेपणा वाढत नाही. ज्यांनी बुद्धचरित्रातला खडा वेचला, त्यांच्याच चरित्रात खडे मिसळणे ही कसली कृतज्ञता?

अडखळणे हे मेंदूचे काम. ते आपोआप होते. खडा काढायचा की गिळायचा, हे आपल्या हाती आहे. शील तिथून सुरू होते. नातीने विचारले की वाचन थांबवा, मागची पाने उलटा, तिच्यासह शोधा. उत्तर सापडले नाही तर ‘मला ठाऊक नाही’ म्हणा. घासातला खडा काढल्याने अन्नाचा अपमान होत नाही.