अर्धा कोयता आणि प्लेबॉय

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या चकलांबा आणि गेवराई तालुक्यातल्या इतर गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचलही जोडीवरच. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. बिनलग्नाचा पुरुष इथे व्यवहारातच अपुरा ठरतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला मात्र बिनलग्नाचे असणे हीच पुरुषाची चैन मानली गेली आणि तिचे ‘प्लेबॉय’ हे नाव फ्रेंच, इटालियन, जपानी या भाषांनी जसेच्या तसे घेतले, मराठीनेही घेतले. एकट्या पुरुषाविषयीच्या कल्पना इतक्या टोकाच्या कशा झाल्या?

आपल्या परंपरेत सुखाला मज्जाव नव्हता. गोदावरीकाठच्या पैठणशी आणि सातवाहनांच्या हालाशी नाते सांगणारी ‘गाथासप्तशती’ शृंगाराने भरलेली आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त नागरकाची दिनचर्या येते: स्नान, अत्तर, विड्याचे पान, मैफल, मित्रमंडळी. पण हा नागरक शिकून, धन मिळवून, गृहस्थ झालेला असतो. भोगाची जागा संसारात होती. संसाराबाहेर राहणाऱ्याला मान होता तो व्रतामुळे. गेवराईहून गोदावरी ओलांडली की जालना जिल्ह्यातले जांब लागते. तिथे १६०८ साली जन्मलेले रामदास ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले, असे परंपरा सांगते. गृहस्थ उपभोग घेई आणि ब्रह्मचारी त्याग करी. ब्रह्मचाऱ्याने उपभोग घ्यावा, ही कल्पनाच या चौकटीत बसत नव्हती.

ती बसवली विसाव्या शतकाने. इंग्रजीत ‘प्लेबॉय’ हा शब्द जुना. आधी तो नाटकात काम करणाऱ्या मुलासाठी वापरला जाई. जे. एम. सिंजच्या १९०७च्या नाटकाच्या नावातही तो आहे, पण त्याचा नायक आयर्लंडच्या खेड्यात पळून आलेला एक गरीब पोरगा आहे. पुढे हा शब्द श्रीमंत, चैनी पुरुषांना चिकटला आणि १९५३ साली ह्यू हेफनरने शिकागोहून त्याच नावाचे मासिक काढले. त्या मासिकाने स्त्रियांच्या चित्रांबरोबर एक जीवनपद्धतीही विकली: शहरातला फ्लॅट, उंची दारू, संगीत, मोटार. बायको-पोरांसाठी राबणे हाच पुरुषार्थ मानणाऱ्या अमेरिकेत हे एक बंड होते, असे बार्बरा एरेनराइकने १९८३च्या ‘द हार्ट्स ऑफ मेन’मध्ये मांडले. बंड खरेच होते, पण त्यात पुरुष संसाराच्या जबाबदारीतून सुटला आणि स्त्री मात्र फ्लॅटमधल्या इतर वस्तूंच्या रांगेत जाऊन बसली.

हे बंड परवडायला हाताशी पैसा लागतो आणि लग्न नाकारण्याची मोकळीक लागते. आमच्या भागातल्या मुलाजवळ यांतले काय आहे? २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा तर १९९४चा. जन्माआधीच नाकारलेल्या त्या मुली पुढे कुणाच्या जोडीदार झाल्या असत्या. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून, अविवाहित तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. त्यांचे एकटेपण व्रत नव्हते आणि चैनही नव्हती.

त्यांचे दुःख मी मानतो. पण ‘आम्हाला मुलगी द्या’ या मागणीतही मुलगी ही द्यायची-घ्यायची गोष्टच राहते. जिवंत राहिलेल्या मुलीलाही निवड कुठे मिळते? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. कोयता पुरा करायला कुणीतरी हवे, म्हणून ती बोहल्यावर चढते.

व्रत, चैन, वंचना: एकट्या पुरुषाची कल्पना अशी बदलत आली. प्रत्येक टप्प्यावर आपण विचारले ते एवढेच, की त्याने काय सोडले, काय भोगले आणि त्याला काय मिळाले नाही. त्याच्यासमोरची स्त्री हो किंवा नाही म्हणणारी माणूस आहे, हे या कल्पनेत कधी शिरलेच नाही. म्हणून चकलांब्यात या विचाराची पुढची पायरी मुलीपासून सुरू व्हायला हवी. तिला जन्मू द्यावे, शिकू द्यावे, लग्न करावे की नाही आणि कोणाशी करावे हे तिला ठरवू द्यावे. एकटे राहणे हा तिचाही हक्क झाला, तरच पुरुषाच्या एकटेपणाला स्वातंत्र्य म्हणता येईल.