ज्यांच्यासाठी रांगच नव्हती

इंग्लंडमधल्या माझ्या दवाखान्यात आश्रय मागणारे रुग्ण येतात. कुणी सुदानचे, कुणी इरिट्रियाचे, कुणी अफगाणिस्तानचे. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला इथे ओळखपत्र लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, व्हिसा आहे का हेही विचारायचं नसतं. नियम इतका स्वच्छ आहे, की मला वेगळं काही ठरवायला उरतच नाही असं वाटावं. पण नियम पाळणं आणि मनात दुजाभाव नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली पहिली मी रोज करते. दुसरीचं काय, हे स्वतःला विचारायला हवं.

इथल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर एक वाक्य हमखास येतं : ‘आपण परीक्षा दिल्या, फिया भरल्या, व्हिसासाठी थांबलो, हे लोक होडीत बसून थेट कसे येतात?’ हे वाक्य मला परकं नाही. भाषेची परीक्षा, मग परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅब परीक्षेचे दोन टप्पे, मग नोंदणी, मग व्हिसा, हे सगळं मीही केलं. त्या कष्टांचा मला अभिमान आहे, आणि त्या अभिमानाच्या बुडाशी ‘मी लायक होते’ असं कुठेतरी ठाम बसलेलं आहे.

पण मी ज्या रांगेत उभी राहिले, ती रांग त्यांच्यासाठी नव्हतीच. ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा तर आधी ब्रिटनच्या भूमीवर पोचावं लागतं, आणि आश्रय मागण्यासाठी म्हणून व्हिसा मिळत नाही. 2022 मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी सरकारने खास योजना काढली, तेव्हा त्यांना इंग्लिश खाडी ओलांडायला रबरी होडी शोधावी लागली नाही. सुदानी माणसापुढे तसा रस्ता नाही. माझ्या देशात शांतता होती, कॉलेज उघडं होतं, पासपोर्ट कार्यालय चालू होतं. यातलं काहीच मी कमावलेलं नव्हतं.

हे पटलं तरी प्रश्न संपत नाही, कारण तपासणीच्या खोलीत घड्याळ असतं. एका रुग्णाला साधारण दहा मिनिटं. दुभाष्या फोनवर असतो. फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावायचा, मी एक वाक्य बोलायचं, त्याने ते सांगायचं, मग उत्तर उलट वाटेने यायचं. प्रत्येक वाक्य दोनदा, म्हणजे हातात पाचच मिनिटं. पाळीबद्दल विचारलं की बाई फोनकडे बघते आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणते. फोनवरचा आवाज पुरुषाचा असतो, बोलण्याच्या ढंगावरून तिच्याच भागातला असतो; आपली गोष्ट आपल्या माणसांत फिरेल ही तिची धास्ती असते. दुभाषी बाई मागितली, वेळ दुप्पट दिला, की तीच बाई बोलू लागते. मधुमेहाच्या माणसाला मी आहार सांगते, पण तो हॉटेलात राहतो. जेवण डब्यातून येतं, स्वयंपाकघर नाही. रक्ताची तपासणी, डोळ्यांची तारीख सगळं जुळत आलेलं असताना त्याला दुसऱ्या गावी हलवतात. तिथे सगळं पहिल्यापासून.

दुप्पट वेळ दिला की बाहेर बसलेल्या दम्याच्या आजींना थांबावं लागतं. हे नाकारून चालणार नाही. त्या आयुष्यभर कर भरत आल्या आहेत, त्यांची तक्रार खोटी नाही. पण डॉक्टर कमी आहेत, ते होडीतून आलेल्या माणसामुळे नव्हे. त्या ताणाचा राग त्याच्यावर काढणं सोपं असतं, कारण तो उलट बोलणार नाही. मी थकलेली असते तेव्हा माझा आवाज कुणासमोर चढतो, यावर मला नजर ठेवावीच लागते.

रुग्णाची हकिकत ऐकताना मनात पाल चुकचुकण्याचंही तसंच. छळाच्या खुणांची वैद्यकीय नोंद कशी करावी, यासाठी संयुक्त राष्ट्रांचा 1999 चा इस्तंबूल प्रोटोकॉल आहे. व्रण आणि सांगितलेली हकिकत किती जुळतात, हे त्यात पायऱ्यांनी ठरवायचं असतं. तेवढंच लिहायचं, दया म्हणून एक पायरी वर नाही, संशय म्हणून एक पायरी खाली नाही. आघातातून गेलेल्या माणसाच्या तारखा मागेपुढे होतात, हे मी वैद्यकात शिकले आहे. तारखा चुकल्या म्हणून त्याला खोटारडा समजण्याचा मोह मला होत असेल, तर मी शिकलेलं विसरते आहे.

सगळ्यात अवघड जागा अर्ज नाकारलेल्यांची. स्कॉटलंडमध्ये त्यांना रुग्णालयाचं बिल येत नाही. इंग्लंडमध्ये त्यांच्यातल्या अनेकांना येतं, तेही एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट. बाळंतपण अडवता येत नाही, पण नंतर हजारो पौंडांचं बिल येतं. 500 पौंडांवरची थकबाकी दोन महिने राहिली तर गृहखात्याला कळवली जाते. गरोदर बाई समोर बसलेली असते आणि तिला रुग्णालयात पाठवणारं पत्र मला लिहायचं असतं. हे सगळं सांगितलं तर ती घाबरून तपासण्या टाळेल. नाही सांगितलं तर माझ्यावर विश्वास ठेवून ती कर्जात उतरेल.

मी सांगायचं ठरवलं आहे. गप्प राहून तिचं भलं करणं म्हणजे तिचा निर्णय मीच घेणं. पण सांगून मोकळंही व्हायचं नाही : पैसे नसले तरी प्रसूती कुणी नाकारू शकत नाही, बिल हप्त्यांनी फेडता येतं, कुठल्या संस्थेकडे मदत मिळते, हे त्याच बैठकीत आणि तिच्या भाषेत सांगायचं. तरीही ती पुन्हा आली नाही, तर त्या न येण्यात माझ्या खरं बोलण्याचा वाटा असेल. तो मला टाळता येणार नाही.

तिने आभार मानावेत अशी अपेक्षा मात्र मला सोडलीच पाहिजे. जे तिला नियमाने मिळायचं आहे, ते माझ्या हातून गेलं म्हणून माझं दान होत नाही. आणि बिलाचा हा नियम मला चुकीचा वाटतो, तर तो बदलावा म्हणून डॉक्टरांच्या बैठकीत, खासदाराला लिहिलेल्या पत्रात, आणि हो, त्या जेवणाच्या टेबलावरही मला बोलावं लागेल. दवाखान्यात चांगलं वागून तिथे गप्प बसले, तर माझा चांगुलपणा अर्धाच.